बायोमेडिकल इंजिनीअरिंग : खर्च किती, मिळकत किती?

बारावी सायन्सचा निकाल लागला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. नीटला मार्क कमी पडले, पण पोरीला दवाखान्यातच काम करायचे आहे; तिला बायोमेडिकल इंजिनीअरिंगला घालावे का? बीड, माजलगाव, गेवराई, परळीच्या वस्त्यांतून हे विचारणारे बहुतेक पालक मजुरी करणारे किंवा कोयता घेऊन कारखान्याला जाणारे असतात. चार वर्षांचा चुकलेला निर्णय त्यांना परवडत नाही. म्हणून या वेळी आरोग्य पानावर हा हिशेब मांडतो.

आधी काम समजून घेऊ. हा कोर्स केलेला माणूस डॉक्टर होत नाही आणि रक्त तपासणारा टेक्निशियनही होत नाही. व्हेंटिलेटर, डायलिसिस, ईसीजी, एक्स-रे, बाळाला ऊब देणारा वॉर्मर ही यंत्रे बसवणे, तपासणे, दुरुस्त करणे, ती कशी वापरायची हे नर्स-डॉक्टरांना शिकवणे हे त्याचे काम. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळे गेली. त्याच वर्षी मे महिन्यात, आपले बीडचे पेशंट जिथे रेफर होतात त्या औरंगाबादच्या घाटीत पीएम केअर्समधून आलेल्या १५० व्हेंटिलेटरचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे गेला. शंभराहून जास्त यंत्रे नीट चालत नाहीत, असे डॉक्टरांचे म्हणणे होते. यंत्रे चांगली आहेत, वापरणाऱ्यांना नीट शिकवलेले नाही, असे केंद्र सरकार म्हणत होते. दोघांपैकी कोणाचेही खरे धरा, यंत्र जाणणारा माणूस दवाखान्यात लागतो, हे दोन्हीकडून निघते.

मग नोकऱ्या भरपूर असतील, असे वाटते. इथेच सावध राहावे. सरकारी दवाखान्यांतली यंत्रे मोजली तेव्हा वेगवेगळ्या राज्यांत १३ ते ३४ टक्के यंत्रे बंद सापडली होती. त्यावर २०१५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानातून देखभालीचा कार्यक्रम आला, पण ते काम टेंडर काढून खासगी कंपन्यांना देण्याची वाट धरली गेली. म्हणजे दवाखाना सरकारी असला तरी यंत्र दुरुस्त करणारा पोरगा बहुधा ठेकेदाराचा असतो. कायमच्या सरकारी जागा थोड्या. सुरुवातीचा पगार छोट्या शहरातल्या दवाखान्यात किंवा ठेकेदाराकडे साधारण १२ ते २० हजार, मुंबई-पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात किंवा यंत्राच्या कंपनीत २० ते ३० हजार. कंपनीच्या सर्व्हिस इंजिनीअरला पुढे पैसा बरा मिळतो, पण बॅग पाठीला लावून जिल्हे फिरावे लागतात. बीडमध्येच राहीन म्हणणाऱ्याने हा कोर्स घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता खर्च. शिकवणीची फी खासगी कॉलेजात वर्षाला लाख-दीड लाखाच्या घरात जाते. पण प्रवेश सीईटी देऊन सरकारी कॅप फेरीतून झाला असेल, तर अनुसूचित जातीच्या मुलांसाठी भारत सरकार शिष्यवृत्ती आहे; कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत हवे. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप. दोन्हींचे अर्ज महाडीबीटीवर. केंद्राचा ६० टक्के वाटा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. तो कॉलेजचा पैसा आहे. घरी अडचण आली म्हणून तो खर्चला, तर कॉलेज पुढे अडवून धरते. आणि मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर यातले काहीच मिळत नाही. "सीट पक्की करून देतो" म्हणणारा एजंट हे सांगत नसतो.

खरा खर्च राहण्या-खाण्याचा. या शाखेची कॉलेजे बहुतेक मुंबई-ठाण्याकडे. काटकसरीने महिना ९ हजार धरले तरी अकरा महिन्यांचे जवळपास १ लाख. समाजकल्याणच्या वसतिगृहात नंबर लागला तर प्रश्न सुटतो. नाही लागला तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून मुंबई, ठाणे, पुणे, नागपूरसारख्या शहरात वर्षाला ६० हजार आणि इंजिनीअरिंगसाठी आणखी ५ हजार मिळतात. उरले ३५ हजार. चार वर्षांचे १ लाख ४० हजार. हप्ता उशिरा येतो, तोवर मेसवाला थांबत नाही, म्हणून पहिल्या वर्षाचा पैसा हाताशी हवा. तो उचल घेऊन उभा करू नये. उचल पुढच्या हंगामालाही मान अडकवते.

आणखी एक खर्च कोणी मोजत नाही. चार वर्षे मुलगा कमावत नाही. महिना ८ हजार बुडाले धरले तर ३ लाख ८४ हजार. एकूण झाले सव्वापाच लाख. शिकून १८ हजारांची नोकरी लागली, तर मजुरीपेक्षा १० हजार जास्त; म्हणजे टाकलेले भरून निघायला साडेचार वर्षे. हे कॅपमधून गेल्यावरचे. मॅनेजमेंट कोट्यात दीड लाख फी भरली तर त्यावर आणखी ६ लाख चढतात, त्यासाठी कर्ज काढले तर व्याज वेगळे. तिथे जाऊच नये.

मुलाला यंत्रे उघडायची आवड असेल, पण इतकी वर्षे थांबणे घराला जमत नसेल, तर दहावीनंतर तीन वर्षांचा मेडिकल इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमा किंवा आयटीआयचा याच विषयाचा दोन वर्षांचा ट्रेड पाहावा. डिप्लोमावरून पुढे इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशन घेतलेल्यालाही यंत्राच्या कंपन्या घेतात, वर दुसऱ्या कारखान्यांची दारे उघडी राहतात. इन्स्ट्रुमेंटेशन नांदेडच्या गुरु गोबिंदसिंगजी संस्थेत आहे. फक्त नावात मेडिकल आहे म्हणून बायोमेडिकल घेणे आम्हाला पटत नाही. ज्याला हेच काम करायचे आहे आणि पुढे शिकायचे आहे, त्याने मात्र जरूर घ्यावे. २०२० पासून गेट परीक्षेला बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे, त्यातून सरकारी संस्थांत एम.टेक.ला स्टायपेंड मिळतो.

हे सगळे कागदावर अडते. जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत करावा. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबा-पणजोबा शाळेत गेले नसतील तर तहसीलमध्ये जुन्या नोंदी काढाव्या लागतात, आणि आपल्याकडे निजामाच्या काळातल्या नोंदी उर्दूत आहेत, त्या वाचून घ्यायला वेळ जातो. बौद्ध म्हणून दाखला काढताना पूर्वीच्या जातीची नोंद असलेला दाखलाही जपावा. १९९० पासून केंद्रातही बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती आहेत, पण केंद्राचा नमुना वेगळा आहे. सीईटीचा फॉर्म हिवाळ्यात भरायचा असतो, आई-बाप तेव्हा कारखान्याच्या तळावर असतात. अकरावी-बारावीला गणित आहे ना, हेही पाहावे. गणिताशिवाय या शाखेला प्रवेश नाही. तेव्हा दसऱ्याआधी, टोळी निघण्यापूर्वी, उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेले बँक खाते आणि पडताळणीच्या अर्जाची पोच मुलाच्या हातात द्यावी आणि अर्जावर मोबाईल नंबर गावात राहणाऱ्या माणसाचा टाकावा.