मालाचे पारपत्र

मुळशी तालुक्यातील पिरंगुटसारख्या औद्योगिक पट्ट्यातून जर्मनीतील हॅनोव्हर येथे १९४७ पासून भरणाऱ्या औद्योगिक मेळ्यात यंत्राचा नमुना मांडायचा झाल्यास, उद्योजकाच्या प्रवासापेक्षा त्या नमुन्याच्या प्रवासाचा विचार आधी करणे श्रेयस्कर ठरते. विक्रीसाठी न नेता केवळ प्रदर्शनासाठी नेऊन परत आणायचा माल ‘एटीए कार्नेट’ या दस्तावर पाठवता येतो; १९६१ च्या ब्रसेल्स करारातून आलेले हे एक प्रकारे मालाचे पारपत्रच असून, भारतात ते ‘फिक्की’ या उद्योगमहासंघाच्या हमीवर मिळते, कमाल एक वर्ष चालते आणि त्यामुळे परक्या सीमेवर आयात शुल्क भरावे लागत नाही. मात्र जाता-येता सीमाशुल्क अधिकाऱ्याचा शिक्का एकाही ठिकाणी राहून गेला, तर तेच शुल्क पुढे अंगावर येऊ शकते. वाटायची माहितीपत्रके किंवा खाद्यपदार्थ, म्हणजे जे परत येणारच नाही ते, कार्नेटवर नेता येत नाही.

नमुना ज्या लाकडी पेटीतून जातो तिचाही विचार हवा, कारण लाकडातून कीड जाऊ नये म्हणून जाड लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटे तापवून त्यावर तशी आंतरराष्ट्रीय खूण उमटवणे हा सर्वमान्य मार्ग आहे, आणि ती खूण नसलेली पेटी बंदरावर अडवली जाऊ शकते.

उद्योजकाच्या स्वतःच्या प्रवासासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. त्यासोबत किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो.