कावळा, फांदी आणि क्लाइव्ह ग्रेंजर

सोलापूरच्या एका महाविद्यालयात मी ३२ वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. कालश्रेणीचा धडा सुरू व्हायचा त्या दिवशी मी खडू हातात घेत नसे. दोन मुलांना पुढे बोलवायचं, दोघांकडे एकेक रुपयाचं नाणं द्यायचं. छापा आला की आलेखाच्या कागदावर एक घर वर, काटा आला की एक घर खाली. असं पन्नास वेळा. दोन रेघा तयार व्हायच्या, आणि तो कागद मी शेजारच्या तुकडीत नेऊन लावायची. एक रेघ सोन्याच्या भावाची आणि दुसरी तूरडाळीच्या भावाची, असं सांगायची आणि गप्प बसायची. पाच मिनिटांत कारणं यायला लागत: लग्नसराई, दुष्काळ, आयात. एकदा एका मुलीनं तर साठेबाजांची आख्खी साखळी उभी केली. मग मी नाणी काढून टेबलावर ठेवायची.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे आपल्याला ठाऊक असतं. पण रेघा कागदावर उमटल्या आणि संगणकानं खाली आकडे छापले की ते शहाणपण टिकत नाही. अर्थशास्त्रज्ञ क्लाइव्ह ग्रेंजर आणि पॉल न्यूबोल्ड यांनी १९७४ साली हेच संगणकावर करून पाहिलं. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या, नाण्याच्या खेळासारख्या भटकणाऱ्या श्रेणींच्या जोड्या त्यांनी तयार केल्या आणि त्यांना अर्थशास्त्रातली नेहमीची कसोटी लावली. दर चार जोड्यांपैकी सुमारे तीन जोड्यांत कसोटी म्हणाली, ‘संबंध आहे, पक्का आहे.’ लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये ग्रेंजर यांनी हे मांडलं तेव्हा ऐकणाऱ्यांना वाटलं, यांच्या संगणकाच्या प्रोग्रॅममध्येच चूक असणार. चूक प्रोग्रॅममध्ये नव्हती. किमती, उत्पन्न, पैशाचा पुरवठा या साऱ्या भटकणाऱ्या श्रेणींवर तोवर झालेलं पुष्कळसं काम नव्यानं तपासायला हवं होतं.

ग्रेंजर या माणसाविषयी मला फार ममत्व आहे आणि त्याचं एक कारण त्यांच्या शाळेतलं आहे. १९३४ साली वेल्समधल्या स्वान्सी इथे जन्मलेल्या या मुलाला वर्गात उभं राहून पुढे काय होणार ते सांगायचं होतं. त्याच्या मनात हवामानशास्त्र होतं. पण तो थोडा अडखळत बोलायचा आणि ‘मीटिऑरॉलॉजी’ हा शब्द काही केल्या तोंडातून पुरा होईना. म्हणून त्यानं ‘स्टॅटिस्टिक्स’ असं सांगून टाकलं. पुढे नॉटिंगहॅमला शिक्षण, तिथेच अध्यापन, १९७४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाचं सॅन डिएगो संकुल, आणि २००३ साली रॉबर्ट एंगल यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल. आभाळाचा अंदाज सुटला, अर्थव्यवस्थेचा हाती आला.

नोबेल मिळालं ते कोइंटिग्रेशनसाठी. शब्द जड आहे, गोष्ट आपल्या बाजारातली आहे. लासलगावचा कांद्याचा भाव उद्या कुठे जाईल सांगता येत नाही, सोलापूरचाही नाही. दोन्ही आपापले भटकतात. पण दोहोंतलं अंतर मात्र फार ताणलं जात नाही. एका बाजार समितीत भाव चढला की ट्रक तिकडे वळतात, आवक वाढते आणि फरक आटोक्यात येतो. प्रत्येक श्रेणी बेभरवशाची, पण त्यांच्यातलं अंतर भरवशाचं. अशा जोडीला खोट्या जोडीपासून वेगळं काढण्याची रीत एंगल आणि ग्रेंजर यांनी १९८७ साली ‘इकॉनोमेट्रिका’मध्ये मांडली. या शोधाची सुरुवात वादातून झाली. असं काही असू शकतं, हे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड हेन्ड्री यांनी सुचवलं होतं. ग्रेंजर यांना ते पटलं नाही. हेन्ड्री चूक आहेत हे सिद्ध करायला ते बसले आणि हेन्ड्रीच बरोबर आहेत असं सिद्ध करून उठले. विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगताना दर वर्षी मला तितकाच आनंद व्हायचा.

एंगल आणि ग्रेंजर यांचा १९८७ चा हा निबंध गेल्या अर्धशतकातल्या अर्थशास्त्राच्या सर्वाधिक उल्लेखिल्या गेलेल्या निबंधांत मोडतो. उल्लेख म्हणजे सायटेशन. एका संशोधकानं आपल्या निबंधात दुसऱ्याच्या निबंधाचा आधार घेतला की दुसऱ्याच्या खात्यात एक सायटेशन जमा होतं. युजीन गारफिल्ड यांनी १९६४ साली सायन्स सायटेशन इंडेक्स काढला तो कोणत्या कामातून कोणतं काम निघालं हे वाचकाला शोधता यावं म्हणून. आज तो माणसं मोजायला वापरला जातो.

आणि मापात किती फरक पडतो पाहा. ग्रेंजर यांचा कारणसंबंधाचा निबंध १९६९ चा. त्यांची कसोटी साधी होती: एका गोष्टीचा मागचा इतिहास हाती असताना दुसरीचाही इतिहास जोडला, तर पहिलीचा अंदाज सुधारतो का? निबंध छापून आला, पण कसोटीचा खरा बोलबाला झाला तो १९७२ मध्ये, क्रिस्टोफर सिम्स यांनी ती पैसा आणि उत्पन्न यांना लावून दाखवली तेव्हा. नियतकालिकांची प्रतिष्ठा ज्या ‘इम्पॅक्ट फॅक्टर’नं मोजतात, तो नेहमीच्या रीतीनं केवळ आधीच्या दोन वर्षांतल्या निबंधांचे उल्लेख धरतो. १९७२ च्या उल्लेखांना त्या हिशेबात जागाच नाही. पुढे ही कसोटी मेंदूविज्ञानापर्यंत पोहोचली. भलत्या ठिकाणीही पोहोचली, आणि तिच्या आधारानं बरेच हास्यास्पद निबंध निघाले हे ग्रेंजर यांनी नोबेलच्या व्याख्यानात स्वतः सांगितलं. कोंबडं झाकलं म्हणून सूर्य उगवायचा राहत नाही. पण कोंबड्याच्या आरवण्यावरून सूर्योदयाचा अंदाज नक्की बांधता येतो. ही कसोटी एवढंच सांगते. हे न कळता केलेला उल्लेखही खात्यात एक म्हणूनच जमा होतो.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत हे माप आमच्या दारात आलं. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१० च्या नियमांत निबंधांना गुण दिले आणि पदोन्नती त्या गुणांवर टांगली. दुपारच्या सुट्टीत फोन यायचे: ‘मॅडम, विषय तुम्ही सांगा, पेपर आठ दिवसांत छापून देतो.’ माझी एक तरुण सहकारी, उत्तम शिकवणारी, मुलांच्या वह्या घरी नेऊन तपासणारी, तिनं अशा छापून मिळणाऱ्या निबंधासाठी पैसे भरले आणि मला सांगताना रडली. मला तिचा राग आला नाही, मोजणाऱ्यांचा आला. बोगस नियतकालिकं रोखायला आयोगानं मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी केली, तिचं काम पुण्यातल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चालायचं. २०२५ मध्ये ती यादीही बंद झाली. निबंध वाचून पाहणारा माणूस समितीवर बसवणं, हा उपाय अजून राहिलाच आहे.

ग्रेंजर यांचं मला सर्वांत उपयोगी वाटणारं काम मात्र छोटं आहे. जॉन बेट्स यांच्यासोबत १९६९ मध्येच त्यांनी दाखवलं की दोन वेगवेगळ्या रीतींनी केलेले अंदाज एकत्र केले, तर बहुधा एकट्या चांगल्या अंदाजापेक्षाही कमी चुकतात. एक जण पावसाकडे बघतो, दुसरा बँकांच्या कर्जवाटपाकडे. दोघांच्या चुका वेगळ्या दिशांना असतात, म्हणून एकमेकींना खातात. नंतरच्या संशोधकांना तर साधी सरासरीही हुशारीनं ठरवलेल्या भारांकांच्या तोडीची आढळली. मुंबईतली रिझर्व्ह बँक २००७ पासून बाहेरच्या जाणकारांचे अंदाज गोळा करून त्यांचा मध्य प्रसिद्ध करते. शिवाय ती स्वतःचा अंदाज पंख्यासारख्या आकृतीत देते: पुढचा काळ जितका दूर, तितका पंखा रुंद. मला ती आकृती प्रामाणिक वाटते.

एकत्र केलेला अंदाजही सगळे एकाच बाजूला चुकले तर वाचवत नाही. अर्थशास्त्रज्ञ प्रकाश लोंगानी यांनी २००१ मध्ये तपासलं, तर १९९० च्या दशकात जगभर आलेल्या ६० मंद्यांपैकी वर्षभर आधी ओळखल्या गेलेल्या निघाल्या फक्त दोन. चांगल्या दिवसांत अंदाज बरे जुळतात. अंदाजाची खरी गरज असते तेव्हाच ते हुकतात, आणि पेपरात मात्र दशांशासकट छापून येतात.

म्हणून एक विनंती आहे. पुढच्या वेळी वाढीच्या दराचा अंदाज वाचाल तेव्हा त्याच संस्थेचा गेल्या वर्षीचा अंदाज शोधा, प्रत्यक्षात काय झालं ते शेजारी लिहा, आणि वहीचं ते पान जपून ठेवा. पाच वर्षांत तुमच्याकडे पाच ओळी होतील.