मोटारीची स्थिरता : इलेक्ट्रॉनिक साधने आणि चालकाचे कौशल्य

प्रस्तावना :
ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधील एका मोटारविषयक नियतकालिकाने घेतलेल्या चाचणीत मर्सिडीज-बेंझ कंपनीची नवी 'ए-क्लास' मोटार उलटली. रस्त्यात अचानक आलेल्या मोठ्या हरणाला चुकविण्यासाठी गाडी एका बाजूस व लगेच पूर्ववत वळविणे, असे या चाचणीचे स्वरूप असते. त्यानंतर कंपनीने सस्पेन्शनमध्ये बदल केले आणि तोवर प्रामुख्याने महागड्या गाड्यांत आढळणारी इलेक्ट्रॉनिक स्थिरता प्रणाली या लहान गाडीत सरसकट बसविली. गाडी सावरण्याचे काम यंत्राकडे गेल्यास चालकाच्या कौशल्याला कोणते स्थान उरते, हा प्रश्न त्यामुळे महत्त्वाचा ठरतो.

स्थिरतेचे भौतिक स्वरूप :
वळणावर गाडीला मार्गात ठेवणारे बल टायर व रस्ता यांच्यातील घर्षणातून मिळते. आवश्यक बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर घर्षण गुणांक ०.७ मानल्यास कमाल वेग ताशी सुमारे ६७ कि.मी. येतो, ओल्या रस्त्यावर तो गुणांक ०.४ झाल्यास हीच मर्यादा सुमारे ५० कि.मी. होते. मर्यादा ओलांडली की गाडी घसरते. गुरुत्वमध्य उंच व डाव्या-उजव्या चाकांतील अंतर कमी असेल, तर ती उलटण्याचाही संभव असतो.

प्रणालीचे कार्य :
स्टीअरिंगच्या कोनावरून चालकाला अभिप्रेत दिशा कळते. गाडी प्रत्यक्षात किती वेगाने वळत आहे, हे संवेदक मोजतात. दोहोंत तफावत आढळताच प्रणाली निवडक चाकाला ब्रेक लावते. पुढची चाके घसरून गाडी वळणाबाहेर जाऊ लागल्यास प्रामुख्याने आतील बाजूच्या मागच्या चाकाला आणि मागचा भाग बाहेर फेकला जाऊ लागल्यास बाहेरील बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक लागतो. चालकाजवळ चारही चाकांसाठी एकच पेडल असल्याने निष्णात चालकालाही हे साध्य होत नाही. अमेरिकेने २००७ मध्ये ही प्रणाली सक्तीची करणारा नियम केला, तेव्हा एकट्या वाहनाच्या अपघातांत मोटारींबाबत ३४ टक्के व एसयूव्हींबाबत ५९ टक्के घट अपेक्षिली होती.

चालकाची भूमिका :
ही प्रणाली उपलब्ध घर्षणाचा योग्य वापर करते. नवे घर्षण निर्माण करीत नाही. गुळगुळीत झालेले टायर किंवा अवाजवी वेग यांची भरपाई तिला करता येत नाही. शिवाय साधनांवरील विश्वास वर्तन बदलू शकतो. १९८० च्या दशकात म्युनिकमधील टॅक्सींच्या अभ्यासात चाके जाम होऊ न देणारी एबीएस ब्रेक प्रणाली असलेल्या गाड्यांचे अपघात लक्षणीयरीत्या कमी झाले नाहीत. त्यांचे चालक वळणे अधिक जोरात घेत असल्याचे दिसले.

निष्कर्ष :
घसरलेली गाडी सावरण्याचे कौशल्य बऱ्याच अंशी यंत्राने आत्मसात केले आहे. मात्र वळणापूर्वी वेग कमी करणे, पुढील वाहनापासून अंतर राखणे आणि रस्त्याची स्थिती ओळखणे ही कामे चालकाचीच राहतात. म्हणून चालक-प्रशिक्षणात हातोटीपेक्षा पूर्वानुमान व संयम यांवर अधिक भर देणे आवश्यक आहे.