बाविसाव्या दिवसाचं पिल्लू

कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर यायला २१ दिवस लागतात, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. पण घरच्या उबवणी यंत्रात अंडी ठेवणाऱ्याची खरी परीक्षा असते बाविसाव्या दिवशी. धडधाकट पिल्लं एव्हाना सुकून, कापसासारखी फुलून यंत्रात धडपडू लागलेली असतात. मागे राहतात ती दोन-चार. एकानं कवचाला भोक पाडलंय, पण पुढं काही करत नाही. एक बाहेर आलंय, पण मान टाकून पडलंय. एकाचे दोन पाय दोन दिशांना गेलेत. आज बोलायचं आहे ते या दोन-चारांविषयी.

थर्मोकोलची पेटी, एक-दोन बल्ब, छोटा पंखा आणि तापमान सांभाळणारं उपकरण एवढ्यावर हे घरगुती यंत्र चालतं. खुडूक कोंबडी जे उपजत करते, ते आपण या पेटीकडून करवून घेतो. पंख्याच्या यंत्रात साधारण ९९.५ ते १०० अंश फॅरनहाइट उष्णता लागते. म्हणजे माणसाला कसर यावी, तेवढी. म्हणूनच यंत्राचा काटा बरोबर आहे की नाही, हे घरातल्या ताप मोजायच्या थर्मामीटरनं पडताळता येतं. इजिप्तमध्ये मातीच्या विटांच्या मोठ्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवण्याची फार जुनी परंपरा आहे. तिथले कारागीर अंडं पापणीला लावून उष्णता ओळखत. रोमूर या फ्रेंच शास्त्रज्ञानं १७४९ साली या कलेवर ग्रंथच लिहिला. आपल्यापाशी ती पापणी नाही, तेव्हा थर्मामीटर बरा.

बहुतेक अशक्त पिल्लांचं मूळ या काट्यातच असतं. उष्णता कमी पडली, मध्ये वीज गेली, की पिल्लं उशिरा आणि मरगळलेली निघतात. उष्णता जास्त झाली तर वेळेआधी निघतात, पण चणीनं लहान आणि बेंबी न मिटलेली. शेवटचे तीन दिवस हवेत ओलावा वाढवावा लागतो. तो कमी पडला तर कवचाआतला पापुद्रा वाळून पिल्लाच्या अंगाला चिकटतो आणि त्याला आत फिरता येत नाही.

आता ते भोक पाडून थांबलेलं पिल्लू. आपल्याला वाटतं, अडकलं बिचारं. आणि नखानं कवच सोलायला आपण पुढं होतो. थांबा. ते स्वस्थ बसलेलं नाही. पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्यांतलं रक्त ते अंगात ओढून घेतंय, उरलेला पिवळा बलक पोटात घेतंय. पहिल्या भोकापासून बाहेर यायला १२ ते २४ तास सहज लागतात. त्याआधी सोललं तर रक्त येतं, आणि एवढ्याशा जिवाला रक्ताचे चार थेंबही फार झाले. शिवाय झाकण उघडताच ओलावा निसटतो आणि शेजारच्या अंड्यांचे पापुद्रे वाळू लागतात. एकाची दया दुसऱ्याला भोवते. २४ तास उलटूनही काही हालचाल नसेल, तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं पापुद्रा ओला करावा आणि भोकाभोवतीचा कवचाचा चिमूटभर तुकडा काढून पाहावा. लाल रेषा दिसल्या तर तिथंच हात थांबवायचा आणि अंडं परत पेटीत ठेवायचं.

बाहेर आलेल्या दुबळ्या पिल्लाला पहिली गरज असते उबेची, मग पाण्याची आणि सर्वांत शेवटी दाण्याची. आपण नेमका उलटा क्रम लावतो. चोच उघडून कणी भरवायला बघतो. पोटातल्या बलकावर पिल्लू दोन दिवस तरी सहज काढतं. पण गारठलेल्या पिल्लाला अन्न पचत नाही. तेव्हा आधी ते पूर्ण सुकेपर्यंत यंत्रातच राहू द्यावं. मग बल्बखालच्या खोक्यात हलवावं, जिथं पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ९५ अंशांच्या आसपास ऊब हवी. पुढं दर आठवड्याला पाचेक अंश कमी करत जायचं. मात्र थर्मामीटरपेक्षा पिल्लं जास्त खरं सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून कर्कश ओरडत असतील तर थंडी वाजतेय. कोपऱ्यात पांगून चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर बल्ब वर घ्या. सगळीकडे पसरून हलक्या आवाजात कुजबुजत असतील तर तुम्ही जेवायला जायला हरकत नाही.

ऊब लागली की कोमट पाण्यात किंचित गूळ किंवा साखर विरघळवून त्याचा एक थेंब चोचीच्या कडेला लावावा. पिल्लू तो आपण होऊन आत घेतं. ड्रॉपरनं घशात पिळू नये. पाणी श्वासनळीत जातं. पाण्याचं भांडं उथळ हवं आणि त्यात खडे टाकावेत. बशीभर पाण्यात तोंड घालून बुडालेली पिल्लं मी पाहिली आहेत. दोन दिवसांनी मक्याचा बारीक भरडा किंवा पिल्लांचं तयार खाद्य द्यावं.

पाय फाकण्याचं एक कारण आपल्या पायाखालीच असतं. खोक्यात गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरू नका (हे वर्तमानपत्रातच छापून येणार, त्याला इलाज नाही). धुतलेलं गोणपाट किंवा खरखरीत कापड घाला. फाकलेल्या पायांना पहिल्या दिवशीच मऊ चिकटपट्टीचा बंध घालावा. दोन्ही पाय अंगाखाली सरळ येतील, पण पावलं टाकता येतील, एवढं अंतर ठेवावं. बंध घट्ट नको. दोन-चार दिवसांत बऱ्याच पिल्लांचे पाय सरळ होतात. आठवडा गेल्यावर मात्र अवघड. बोटं आत वळलेली असतील तर ब जीवनसत्त्वाची, विशेषतः बी-टूची, उणीव असू शकते. पशुवैद्याला विचारून ते पाण्यातून द्यावं.

शेपटीखाली विष्ठा वाळून वाट बंद झाली असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्यानं भिजवून पुसावी. ओढू नये, कातडी सोलते. बेंबीला लोंबणारा दोराही ओढायचा नाही. तिथं पोव्हिडोन आयोडीन लावावं. पण पोट फुगून मऊ पडलंय, बेंबी ओली आहे आणि वास येतोय, असं पिल्लू सहसा वाचत नाही. त्याला वेगळं करावं, यंत्र धुऊन जंतुनाशकानं पुसावं. माझी अम्मी अशा पिल्लाला चुलीजवळ कापसात ठेवी आणि आम्हा मुलांना मुठीत घेऊ देत नसे. तिचं कारण वेगळं असेल, पण मनाई योग्यच होती. कोंबड्यांच्या पिल्लांपासून माणसाला साल्मोनेलाची बाधा होऊ शकते. मुलांना त्यांचे मुके घेऊ देऊ नका. हाताळल्यावर साबणानं हात धुवायला लावा.

दुबळ्या पिल्लाला वेगळं ठेवायचं, ते इतरांनी टोचू नये म्हणून. पण एकटं ठेवलं तर ते ओरडून ओरडून थकतं. खोक्यात जाळीचा आडपडदा घालावा, पलीकडची पिल्लं त्याला दिसली पाहिजेत, ऐकू आली पाहिजेत. किंवा एक शांत पिल्लू सोबतीला द्यावं. सोबती दाणा टिपतो ते पाहून हेही टिपायला शिकतं. स्वतः उभं राहून पाणी पिऊ लागलं, की संध्याकाळी दिवा मंद करून त्याला बाकीच्यांत सोडावं आणि सकाळी तासभर तिथंच बसून पाहावं. कुणी टोचत असेल तर आणखी दोन दिवस जाळी. पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेतची लासोटा लस सगळ्यांनाच द्यायची असते; तोवर हे पिल्लू उभं राहिलं असेल तर त्याच्याही डोळ्यात थेंब टाकायला विसरू नका.