ससोबाचं ताट

चित्रातला ससा गाजर खातो, म्हणून आमच्याही सशाला आम्ही गाजरच घालत होतो. त्यातून प्रत्येकाचे लाड वेगळे. सकाळी सासूबाईंचा पोळीचा तुकडा, दुपारी धाकट्याचं बिस्किट, रात्री माझं गाजर. ससोबा आवडीनं खायचे, त्यामुळे आपलं काही चुकतंय असं कुणाच्या मनातही आलं नाही.

एका सकाळी तो कोपऱ्यात अंग आखडून बसलेला दिसला. रात्रीचं गाजर तसंच पडलेलं, पिंजऱ्यात एक लेंडी नाही. "घडू दे एक दिवस उपास, पोट हलकं होईल," सासूबाई म्हणाल्या. खरं सांगते, मलाही ते पटलं होतं! नशीब, की आमचे हे ऑफिसला जाता जाता त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर हाती लागला नसता," डॉक्टर म्हणाले. दोन दिवस औषध आणि सिरिंजनं पातळ खाणं भरवलं, तेव्हा कुठे तो उठला.

सशाला उपास चालत नाही, बरं का! त्याची आतडी सतत हलती राहावी लागतात. ती थांबली की पोटात वायू धरतो, आणि उलटी तर त्याला करताच येत नाही. दहा-बारा तास खाणं बंद, म्हणजे डॉक्टर गाठायचाच.

आतडी हलती ठेवतं ते गवत. दहापैकी आठ वाटे वाळलेलं गवतच हवं, तेही दिवसभर समोर. सशाचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चघळूनच झिजतात. पोळीनं ते काय झिजणार? वैरणवाल्याकडे किंवा गोठ्यावर गवत मिळतं. कुबट वास येणारं घेऊ नये. हरळी तर आपल्या दारचीच, पण कुत्री फिरतात किंवा औषध फवारतात तिथली नको. लसूणघास सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला ठीक. मोठ्या सशाला रोज नको; त्यात कॅल्शियम फार, लघवीत खडे धरतात.

भाजी निवडताना कोथिंबिरीच्या काड्या, मुळ्या-गाजराचा पाला बाजूला काढावा आणि धुऊन मूठभर द्यावा. पालक कधीमधी. कांदा, लसूण, बटाट्याचा पाला, चॉकलेट मुळीच नाही. बाजारातलं गोळीखाद्य वजनाच्या किलोमागे २५ ग्रॅमपर्यंत पुरे. गाजर बोटाच्या पेराएवढं, खाऊ म्हणून. पाणी मात्र सदैव भरलेलं. आणि हा सगळा बदल एका दिवसात करू नका, आठ-दहा दिवस घ्या.

एक गंमत. ससा स्वतःच्याच मऊ लेंड्या खातो. मला आधी किळस आली, पण ब जीवनसत्त्वं त्याला त्यातूनच मिळतात. तेव्हा हाकलू नका.

आता सासूबाईंच्या पूजेच्या दूर्वा निवडून झाल्या, की उरलेली हरळी पिंजऱ्यात जाते. पोळ्या लाटायला घेतल्या, की ससोबा मात्र अजून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसतात.