खाणीआधी विहिरीची मोजणी

मे महिन्यात वणी-चंद्रपूर भागातल्या विहिरींचं पाणी पार खाली गेलेलं असतं. भूजलाच्या पाहणीत हा काळ महत्त्वाचा असतो. विहिरीवर आलेली भूजलतज्ज्ञ टेप काढण्याआधी शेतकऱ्याला विचारते, "काका, मोटर केव्हा बंद केली?" उत्तर 'आत्ताच' असं आलं, की मोजणी लांबते. उपशानंतर पाणी पुन्हा जागेवर यायला वेळ लागतो; त्याआधी मोजलं तर पातळी खऱ्यापेक्षा खोल दिसते.

मग टेप आत सोडली जाते. तिचं टोक पाण्याला टेकलं की वर रिळात बझर वाजतो. समजा, कठड्यापासून 11.40 मीटर भरलं आणि कठडा 0.75 मीटर उंच आहे, तर पाणी जमिनीखाली 10.65 मीटरवर. त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंचीही टिपली जाते. ती नसेल तर दोन गावांतल्या विहिरींची तुलना होत नाही आणि भूजल कोणत्या दिशेनं वाहतंय, तेही समजत नाही.

अशा नोंदी प्रस्तावित खाणीच्या हद्दीत आणि तिच्याभोवती साधारण 10 किलोमीटरपर्यंतच्या गावांत घेतल्या जातात. खोदकामाला हात लागण्याआधीच्या या नोंदींवर पुढचं सगळं उभं असतं.

वर्धा खोऱ्यात काळ्या मातीखाली काही ठिकाणी बेसाल्ट लागतो. त्याखालच्या कामठी वालुकाश्मात पाणी चांगलं साठतं. कोळसा असतो त्याहून खालच्या बराकार थरांत. त्यामुळे कोळशापर्यंत जायचं तर पाणी धरणारे खडक कापावेच लागतात. उघड्या खाणीत हे पाणी कापलेल्या बाजूंमधून झिरपून तळाशी येतं. तिथल्या संपमध्ये, म्हणजे खड्ड्यात, ते गोळा करून पंपानं बाहेर टाकावं लागतं, नाहीतर कामच चालत नाही. उपसा चालू राहिला की भोवतालची पातळी खाणीच्या दिशेनं उतरू लागते.

ती किती लांबपर्यंत उतरेल? पहिल्या अंदाजासाठी अभियंते सिकार्टचं सूत्र वापरतात. पाणी 50 मीटरनं खाली न्यायचं असेल आणि खडकातून ते सेकंदाला मीटरच्या एक लाखाव्या भागाइतकं झिरपत असेल, तर प्रभाव सुमारे 475 मीटरपर्यंत पोचतो. झिरपण्याचा वेग दहापट धरला की तेच अंतर 1,500 मीटर होतं. खडकाचा एक गुणधर्म चुकीचा धरला, तर अख्खं गाव नकाशातल्या वर्तुळाबाहेर राहू शकतं. म्हणूनच पंपिंग टेस्ट महत्त्वाची. एका बोअरमधून ठरावीक दरानं उपसा करायचा आणि शेजारच्या निरीक्षण बोअरमध्ये पाणी कसं उतरतं, पंप थांबल्यावर कसं चढतं, ते सुरुवातीला मिनिटामिनिटाला टिपायचं. पुस्तकातला सरासरी आकडा ही जागा भरून काढत नाही. पुढे हेच आकडे 'मॉडफ्लो'सारख्या संगणकीय प्रारूपात जातात.

खाण सुरू झाल्यावर विहीर आटली, तरी दोष लगेच खाणीवर टाकता येत नाही. पाऊस कमी झालेला असू शकतो, आसपास नव्या बोअर पडलेल्या असू शकतात. त्यासाठी प्रभावक्षेत्राबाहेरच्या, त्याच खडकातल्या विहिरीही मोजाव्या लागतात. दोन्हीकडची पातळी सारखीच उतरली तर पावसाकडे बोट जातं. खाणीजवळचीच उतरली तर खाणीकडे. गुणवत्तेचंही तसंच. चंद्रपूर-यवतमाळच्या काही गावांत भूजलात फ्लोराईड नैसर्गिकरीत्याच जास्त आहे. खोदकामापूर्वीचे नमुने नसतील, तर नंतर वाढलेलं सल्फेट किंवा क्षार कुठून आले, हे सांगणं अवघड होतं.

आधीच्या नोंदी नसल्याचा फटका शेतकऱ्यालाच बसतो. कापसाला द्यायचं पाणी गेलं, हे त्याला डोळ्यांनी दिसतं. कागदावर दाखवायला मात्र काही नसतं. ही मोजणी वर्षाच्या सगळ्या ऋतूंत झाली पाहिजे आणि तिचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत.

2006च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार खाणीच्या जनसुनावणीआधी किमान 30 दिवसांची सूचना द्यावी लागते आणि मूल्यांकन अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. पण विहिरींची यादी बहुधा मूळ अहवालाच्या परिशिष्टात असते. गावकऱ्यांनी या 30 दिवसांत तीच मागून घ्यावी: आपल्या गावातली कोणती विहीर मोजली, कोणत्या महिन्यात, आणि पाणी किती मीटरवर होतं.