झटक्याची काठी जंगलात किती कामाची?

ट्रेकच्या सामानात आता विजेचा झटका देणारी काठीही दिसू लागली आहे. दिसायला चालण्याची साधी काठी, मुठीशी बटण आणि टोकाला धातूचे दोन खिळे. बटण दाबलं की खिळ्यांमध्ये निळसर ठिणगी तडतडते आणि हवेत ओझोनचा उग्र वास येतो. बिबट्या असो की रानडुक्कर, हिच्यासमोर टिकणार नाही, या भरवशावर ती घेतली जाते. हा भरवसा तपासून पाहायलाच हवा, कारण तो खोटा ठरला तर जंगलात माणसाच्या जिवावर बेततं आणि प्राण्याच्याही.

आधी काठीच्या आत काय चालतं ते पाहू. बॅटरी असते जेमतेम काही व्होल्टची. तिचा सरळ प्रवाह ट्रान्सफॉर्मरला चालत नाही, म्हणून एक इलेक्ट्रॉनिक स्विच तो सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो. मग ट्रान्सफॉर्मर विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढवतो आणि कपॅसिटर-डायोडची साखळी तो आणखी वर नेते. अशाच साखळीच्या जोरावर भौतिकशास्त्रज्ञ कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी 1932 साली केंब्रिजमध्ये लिथियमचं अणुकेंद्र फोडलं होतं.

जाहिरातीत मात्र ‘10 लाख व्होल्ट’ असे आकडे असतात. कोरड्या हवेत एक सेंटीमीटर फट ओलांडायला ठिणगीला साधारण 30 हजार व्होल्ट पुरतात, टोकदार खिळ्यांमध्ये त्याहूनही कमी. खरोखर 10 लाख व्होल्ट असते, तर ठिणगीने निदान फूटभर उडी घेतली असती. काठीवरची ठिणगी दोन-तीन सेंटीमीटरची असते, म्हणजे दाब फार तर काही दहा हजार व्होल्टचा. शिवाय विजेचा परिणाम नुसत्या व्होल्टवर ठरत नाही. प्रवाह किती, किती वेळ आणि शरीरातल्या कोणत्या मार्गाने गेला, यावर तो ठरतो. इथे प्रवाह जातो तो दोन खिळ्यांमधल्या बोटभर जागेतून. तिथे कळ येते, पण प्राणी जागच्या जागी कोसळत नाही.

तरीही विजेचा झटका प्राण्यांना दूर ठेवतो, हे आपल्या शेतकऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. शेताच्या कडेची सौर कुंपणं, म्हणजेच झटका मशीन, याच तत्त्वावर चालतात. तारेतून साधारण सेकंदाला एक, अशा काही हजार व्होल्टच्या अतिशय अल्पकाळ टिकणाऱ्या लहरी सुटतात. रानडुक्कर चालत येतं आणि ही नवी वस्तू काय आहे ते पाहायला ओलं, बिनकेसाचं नाक तारेला लावतं. वीज त्याच्या अंगातून जमिनीत उतरून मशीनकडे परतते. डुक्कर दचकून मागे सरतं आणि ती तार लक्षात ठेवतं. (तारेला घरातली वीज थेट जोडणं हा निराळा आणि जीवघेणा प्रकार आहे. त्यात वाघांपासून माणसांपर्यंत अनेकांचे बळी गेले आहेत.)

कुंपणाचं यश आहे ते या शिकवण्यात. प्राणी शांत असतो, जिज्ञासेने येतो, त्याच्या शरीराचा सर्वांत संवेदनशील भाग तारेला लागतो आणि मागे फिरायला वाट मोकळी असते. काठीच्या बाबतीत यातलं काहीच जुळत नाही. काठी टेकेल इतका जवळ आलेला प्राणी बहुधा बिथरलेला असतो. अस्वल ताशी 50 किलोमीटरच्या आसपास वेगाने धावू शकतं, म्हणजे सेकंदाला जवळजवळ 14 मीटर. ते 10 मीटरवर दिसलं, तर हातात एक सेकंदही उरत नाही. तेवढ्यात बटण दाबून, नेम धरून दोन्ही खिळे दाट केसांतून कातडीला भिडवायचे! रानडुकराच्या खांद्यावर जाड कातडीचं चिलखत असतं, तर गव्याचा मोठा नर आठ-नऊशे किलोंचा भरतो. धावून येणारं ते वजन टोचल्यासारख्या कळेने थांबत नाही. पिलं बरोबर असलेली मादी तर वेदनेने अधिकच चवताळू शकते.

अंतर राखून केलेला बचाव किती वेगळा ठरतो, याचा पुरावा अलास्कातून मिळतो. तिथे मिरचीतल्या कॅप्सेसिनचा फवारा अस्वलांवर वापरल्याच्या 1985 ते 2006 मधल्या घटना संशोधकांनी तपासल्या आणि 2008 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपकिरी अस्वलांच्या बाबतीत फवारा दहापैकी नऊ वेळा कामी आला होता. तो काही मीटरांवरूनच ढगासारखा पसरतो, त्यामुळे अचूक नेमाची गरज पडत नाही आणि अंगाला अंग भिडत नाही.

झटक्याच्या यंत्रांबद्दल आणखी एक घातक समज आहे: सापाच्या दंशावर झटका दिला की विष निकामी होतं. 1986 साली एका वैद्यकीय नियतकालिकातल्या पत्रामुळे हा समज पसरला. पुढच्या प्रयोगांत तो टिकला नाही. घोणस किंवा फुरसं चावलं, तर प्रतिविष असलेलं रुग्णालय लवकरात लवकर गाठणं हाच उपाय आहे.

कायद्याचंही भान हवं. भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड, राधानगरी अशा अभयारण्यांतून आपल्या कितीतरी वाटा जातात. तिथे वन्यप्राण्याला त्रास देणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे. जिवावर बेतल्यावर स्वसंरक्षणाला कायदा मुभा देतो, पण शांत बसलेल्या माकडाला गंमत म्हणून झटका देण्याला नाही.

काठी मात्र जरूर घ्या, साधी आणि मजबूत. ती जमिनीवर आपटत चाला. सापाला बाहेरचे कान नसले, तरी जमिनीतली कंपनं जबड्याच्या हाडांतून त्याच्या अंतःकर्णापर्यंत पोहोचतात आणि बहुतेक साप आधीच बाजूला होतात. दाट झाडीत आणि वळणांवर बोलत चाला, म्हणजे अस्वल किंवा गवा अवचित समोर येणार नाही. फक्त आग्या मोहोळांच्या कड्याखाली गोंगाट आणि धूर टाळा. बिबट्या दिसला तर पळू नका, वाकू नका, लहान मुलांना उचलून घ्या आणि त्याच्याकडे पाठ न करता सावकाश मागे सरा. बहुतेक प्राण्यांना माणसाशी गाठ नकोच असते. आपली चाहूल त्यांना वेळेत लागेल आणि निघून जायला वाट राहील, एवढं आपण पाहिलं तर झटक्याची वेळ क्वचितच येईल.